शिकार बंद झाल्यावर बांधलेली शिकारीची खोप

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या वर्कशॉपात मी शनिवारला जोडून सुट्टी टाकली की हल्ली सगळे एकच विचारतात, "काय दादा, खोपीवर चाललासा काय?" आणि नवीन लागलेला एखादा पोरगा हमखास पुढं विचारतो, "मिळतंय काय काय तिकडं? भेकर, डुक्कर?"

काही मिळत नाही. मिळवायचंही नाही. तरी आम्ही जे बांधलंय त्याला घरात सगळे शिकारीची खोपच म्हणतात, कारण आज्जाची खोप, म्हणजे रानातली झोपडी, होती त्याच जागेवर, तिच्याच जोत्याचे दगड काढून ते बांधलंय. आज्जाच्या खोपीत बंदूक होती, आमच्यात नाही, एवढाच फरक. म्हणजे लोकांना वाटतं एवढाच. माझं म्हणणं वेगळं आहे, ते पुढं येईलच.

जागा सांगतो. बेळगावहून पिरनवाडी, किणये करत जांबोटी गाठायची, आणि तिथून कणकुंबीकडं जाताना एका ठिकाणी डाव्या हाताला लाल मातीचा रस्ता खाली उतरतो. वाटणीला आलेली आमची थोडी जमीन तिथं आहे. वर काजू, मधे भाताची खाचरं, खाली ओढा. ओढ्यापलीकडं फॉरेस्टचा हद्दीचा दगड, आणि त्याच्या पुढं रान सुरू होतं ते थेट भीमगडाच्या अंगाला जातं. भीमगड अभयारण्य 2011 च्या डिसेंबरात जाहीर झालं, साधारण 190 चौरस किलोमीटरचं. याच डोंगराच्या अंगाखांद्यावर दोन नद्या उगवतात. मलप्रभा कणकुंबीला माउलीच्या देवळाजवळ उगवून पूर्वेला जाते आणि म्हादई पश्चिमेला गोव्यात उतरते. पाऊस म्हणाल तर बेळगावात वर्षाला बाराशे-तेराशे मिलिमीटर पडला तर आम्ही छत्र्यांना कंटाळतो. कणकुंबीकडं चार हजाराच्या वर गेला तरी कुणी पेपरात छापत नाही. घर बांधायचं तर या आकड्याला धरून बांधायचं, बाकी हौस नंतर.

आज्जा शिकारी नव्हता. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण आमच्या चुलत भावंडांच्या ग्रुपवर त्याचा एक जुना फोटो फिरतो. डोक्याला मुंडासं, हातात बंदूक. आणि खाली कुणीतरी लिहितं, 'आमचे शिकारी आजोबा'. तो भात राखणारा माणूस होता. दसरा झाला, भाताला लोंब्या भरल्या की डुकरं यायची, आणि कळप एका रात्रीत खाचर लोळवून जायचा. म्हणून खोप. कारवीच्या काठ्यांची भिंत, म्हणजे कूड, वर गवतानं शाकारलेलं छप्पर, चार मेढी, मधे दगडांची चूल, आणि बाहेर ऐनाच्या झाडावर माळा. बंदूक ठासणीची, परवाना पीक राखणीचा. नळीत दारू ओतायची, वर चिंध्या ठासायच्या, मग छर्रे, पुन्हा चिंध्या, आणि घोड्याखाली ठिणगी पाडणारी केप बसवायची. एक बार उडाला की दुसरा भरेपर्यंत डुक्कर चंदगड तालुक्यात पोचलेलं असायचं, असं बाबा अजून सांगतात.

खरी पारध व्हायची ती शिमग्याच्या आगेमागे. ती एकट्याची नव्हे, सगळ्या गावाची. हाकारे रानात शिरून डबे वाजवत जनावर उठवायचे आणि बंदूकवाले ठरलेल्या वाटांवर दबा धरून बसायचे. बाबा बारा-तेरा वर्षांचे असताना हाकाऱ्यांत होते. त्यांच्या सांगण्यात जनावर कसं पडलं हे दोन वाक्यांत संपतं, वाटणी मात्र अर्धा तास चालते. खोपीसमोर पळसाची पानं मांडायची. बार ज्याचा लागला त्याला मुंडी आणि एक वाटा जास्त. हाकाऱ्यांना सारखे वाटे, मग तो मोठा असो की पोरगा. कुत्रं घेऊन आलेल्याला कुत्र्याचा वाटा वेगळा. गावात ज्या घरी कर्ता पुरुष नाही त्या घरीही एक पान जायचं, आणि ते पोचवायला पोरं पाठवायची. "मी घेऊन गेलो की म्हातारी मला गुळाचा खडा द्यायची," हे बाबा दरवेळी सांगतात. वाटणीवरून भांडणंही व्हायची, डोकी फुटायची, तेही सांगतात. फोटोखाली 'शिकारी आजोबा' लिहिणाऱ्यांना हा भाग माहीत नसतो.

1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तरी सुरुवातीला परवाना काढून काही जनावरं मारता यायची. 1991 च्या दुरुस्तीनं तेही दार बंद झालं. आमच्याकडं गाव त्याआधीच निम्मं बेळगावात, निम्मं गोव्यात कामाला गेलं होतं. बंदूक निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की आणायची. आज्जा गेल्यावर वारसाच्या नावानं परवाना करून घ्यायची खटपट कुणी केली नाही. एकदा जमा झाली ती झालीच. खोप दोन पावसाळे शाकारली नाही तशी आत बसली, आणि कूड वाळवीनं खाल्ला. राहिलं ते जोतं, आणि त्याच्या भेगेतून वाढलेलं कुड्याचं झाड.

नवीन बांधायचा विषय निघाला गणपतीत, सगळे जमलेले असताना. पुण्याचा धाकटा चुलत भाऊ म्हणाला, हल्ली तयार कंटेनरची घरं मिळतात, ट्रकवर आणून ठेवायचं. म्हापशाचा आतेभाऊ म्हणाला, बांधायचंच तर होमस्टे करूया, चोर्ला घाटाच्या रस्त्यानं शनिवार-रविवार गोव्याच्या गाड्या नुसत्या वाहतात. मोठ्या काकांनी स्लॅब टाका म्हणून सांगितलं, कारण त्यांच्या मते कौलं म्हणजे दरवर्षी खर्च. काकू एवढंच म्हणाल्या, "चूल घरातच पायजे. पावसात भाईर जाऊन कोण फुंकत बसणार?" चर्चा दोन वर्षं चालली आणि शेवटी काकूंचं तेवढं सगळ्यांनी मान्य केलं. बाकीचं हळूहळू मीच ठरवलं, कारण बेळगावात राहणारा मी एकटा आणि शनिवारी गाडी काढणाराही मीच.

कागदांचं थोडक्यात. आपल्या शेतात शेतीच्या कामासाठी घर बांधायला जमीन बिगरशेती करावी लागत नाही, पण उतारा आपल्या नावावर स्वच्छ हवा. आमच्या उताऱ्यावर आज्जाचं नाव कन्नडात असं काही लिहिलेलं होतं की ते वाचून बाबांनी, "हा कोण?" म्हणून विचारलं. ते नीट करून घेण्यात एक उन्हाळा गेला. त्यावर जास्त लिहित नाही, सीमाभागातल्या प्रत्येक घरात ही गोष्ट आहे.

आता साहित्य. रानाच्या कडेला घर म्हटलं की लोकांना वाटतं लाकूड फुकट. रानातली वाळलेली काडीसुद्धा आपली नव्हे, आणि स्वतःच्या बांधावरचा साग-शिसव परवानगीशिवाय तोडायचा नाही. म्हणून मी नवीन लाकडाच्या नादालाच लागलो नाही. खानापूर भागात जुनी घरं पाडून स्लॅबची बांधायचा सपाटा चाललाय. असं एक घर पाडताहेत कळल्यावर मी आणि सुतारमामा जाऊन उभे राहिलो. तुळया किंजळीच्या, वासे काही सागाचे, काही नाणा झाडाचे. सुतारमामांनी प्रत्येक वाशावर वाकसाचा, म्हणजे सुताराच्या तासणीचा, तुंबा मारून आवाज ऐकला. दोन बाजूला काढले, "आतनं गेल्यात, वरनं चांगले दिसत्यात." मालकाला वाटलं भाव पाडायला म्हणतोय. त्यातला एक त्यानं तिथंच आपटला आणि आतून भुसा सांडला.

कौलंही त्याच घराची. खानापूरची माती मुळात नावाजलेली. मातीच्या भांड्यांचं काम आणि कौलांचे कारखाने इथं पिढ्यान्‌पिढ्या, खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची संस्थाही तिथंच आहे. पण या घराच्या छपरावर दोन तऱ्हेची कौलं निघाली. बरीचशी खानापुरी, आणि काहींच्या पाठीवर मंगळुरी कारखान्यांचे इंग्रजी शिक्के. मंगळुरात बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनवाल्यांनी कौलांचा कारखाना 1865 साली काढला आणि तिथून हे खाचांचं चपटं कौल सगळ्या किनाऱ्यावर आणि घाटावर पसरलं. दोन्ही तऱ्हांच्या खाचा एकमेकींत बसत नाहीत, सुतभर फरक पडतो आणि तिथूनच पाणी येतं. म्हणून छपराच्या पुढच्या पाखावर, म्हणजे उतारावर, एक जात, मागच्या पाखावर दुसरी. कौल घ्यायचं तर ते डाव्या हातावर तोलून उजव्या हाताच्या बोटाच्या पेरानं टकटक करायचं. भाजणी चांगली असेल तर खणखणीत वाजतं, चीर असेल तर बद्द. मी आणि बायको दिवसभर त्या ढिगात बसून वाजवत होतो. संध्याकाळी ती म्हणाली, "आता मला स्वयंपाकघरातल्या बशापण वाजवून बघाव्याशा वाटायला लागल्यात."

भिंती जांभ्या दगडाच्या. चिरा खाणीतून निघतो तेव्हा ओला आणि मऊ असतो, कुऱ्हाडीनं तासता येतो. वारा-ऊन लागलं की घट्ट होतो. म्हणून तासायचं ते आल्या आल्या. चिरे आणताना कुसमळीचा पूल अवजड गाड्यांना बंद होता, त्यामुळं गाडी खानापूरवरून फिरून आली आणि भाडं वाढलं. खालचे दोन थर सिमेंटात, वर मातीत. गवंडीमामा म्हणाले, "सगळं सिमेंटात करा की, काय होतंय?" मी म्हटलं, पुढं कुणाला पाडावंसं वाटलं तर चिरे आख्खे निघायला पाहिजेत, जसे मला आज्जाच्या जोत्याचे निघाले. ते हसले. पण पायाचे जुने दगड त्यांनी स्वतःच्या हातानं कोपऱ्यांना लावले, मी न सांगता.

मी पोटासाठी लेथवर काम करतो. मायक्रॉनमध्ये बोलायची सवय. सुतारमामांचं माप म्हणजे सूत, वीत आणि चार बोटं. छपराच्या उतारावरून आमचं जुंपलं. मी मोबाईलवर अंशाचं अ‍ॅप काढून दाखवत होतो, त्यांनी एक रीप जमिनीत उभी रोवली, दुसरी तिच्यावर आडवी टेकवली, जरा उचलली, जरा उतरवली आणि म्हणाले, "हितं." मोजलं तर माझ्या हिशेबापेक्षा बरंच उभट. मी विचारलं, एवढं का? त्यांनी ओढ्यापलीकडं हात केला. "आषाढात वारं तिकडनं येतंय. पाणी कौलाखाली वर चढतंय. उतार कमी असला तर घरात येतंय, जास्त असला तर जायला लागतंय." पश्चिमेचं पाख त्यांनी आणखी खाली ओढलं, इतकं की मागच्या पडवीत शिरताना मान वाकवावी लागते. आतेभाऊ पहिल्याच दिवशी तिथं डोकं आपटून घेऊन होमस्टेचं पुन्हा बोलला नाही. हा फायदा उताराच्या हिशेबात नव्हता.

पडवीच्या कुडाला मेस जातीचा बांबू वापरला, आमच्याच बांधावरचा. शेतातल्या बांबूला आता कायद्यानं झाड धरत नाहीत, जंगलाबाहेरचा बांबू 2017 च्या बदलानंतर तोडायला मोकळा झालाय, तेवढी एक सोय. पण तोडायचा कधी, हे बाबांनी ठरवलं. पाऊस संपून थंडी पडल्यावर, तेही अंधाऱ्या पंधरवड्यात. चंद्राचं मला माहीत नाही, पण थंडीचं कारण पक्कं आहे. पावसाळ्यात नवे कोंब वाढवण्यात बांबूतला पिठूळपणा खर्च होतो, आणि भुंगा त्यालाच येतो. तोडून ओढ्याच्या वाहत्या पाण्यात दगडांखाली दाबून ठेवला. बाहेर काढला तेव्हा असा वास मारत होता की पुण्याच्या भावानं गाडीत घ्यायला नकार दिला. त्या कुडाला अजून भोक नाही. बाजारातून आणलेल्या चिवा जातीच्या बांबूच्या काठ्या मात्र पहिल्याच वर्षी पिठासारख्या झडल्या. लाकडाच्या जमिनीत जाणाऱ्या टोकांना काजूच्या टरफलाचं तेल लावलं. हाताला लागलं तर कातडी सोलून निघते, हातमोजे घालूनच काम करा.

भुई काकूंची. कोबा किंवा फरशी घालायला त्यांनी साफ नकार दिला. वारुळाची माती आणायची, पण जिवंत वारुळाची नव्हे, पडकं बघून. ती चाळून मुरमावर पसरली, पाणी मारून रात्रभर मुरवली, सकाळी धुमसानं धुमसली. मग चोपणं. गावातल्या दोन बायका आणि काकू ओळीनं बसून, मागं सरकत सरकत भुई चोपत गेल्या. मी मधे पाय टाकला तर काकू ओरडल्या, "ते लेथ मशीन न्हवं, वाळू दे की!" वाळताना भेगा पडल्या, त्या पातळ शेणकाल्यानं भरल्या, पुन्हा चोपलं, मग सारवलं. उन्हाळ्यात दुपारी त्या भुईवर उघड्या पाठीनं पडलं की पंखा लागत नाही. वीज तशीही नाहीच, एक सौर दिवा आहे.

काम चाललं ते दिवाळीनंतर मे महिन्यापर्यंत, आणि त्या दिवसांत पालापाचोळ्यात गोचिडं असतात. गोचिडीतून माकडताप होतो. 1957 साली शिमोग्याकडच्या क्यासनूर रानात तो पहिल्यांदा ओळखला गेला आणि अलीकडच्या वर्षांत गोव्यातली सत्तरी, महाराष्ट्रातलं दोडामार्ग इथपर्यंत आला. म्हणून पायाला तेल चोळल्याशिवाय आणि पँट मोज्यात खोचल्याशिवाय पाला गोळा करायचा नाही, हा आमचा नियम. मेलेलं माकड दिसलं तर लांबूनच, आणि आरोग्य खात्याला फोन. पर्यटकांना हे कुणी सांगत नाही.

पहिला पावसाळा पार पडला. दोन ठिकाणी गळलं, वानरांनी आढ्याजवळची काही कौलं फोडली, भिंतींना पेंढ्याचा आडोसा बांधला होता तो एका वादळात ओढ्यात गेला. यात विशेष काही नाही.

विशेष आहे ते दसऱ्यानंतर. खालच्या दोन खाचरांत बाबांच्या हट्टानं भात लावलं होतं. लोंब्या भरल्या आणि डुकरं आली. म्हणजे खोप नुसती सुट्टीची राहिली नाही, राखणीची झाली. ऐनाच्या झाडावर पुन्हा माळा बांधला आणि आम्ही आळीपाळीनं बसायला लागलो. मी, पुण्याचा भाऊ, माझा मुलगा, कधी शेजारच्या खाचराचा मालक. हातात पत्र्याचा डबा, मोठा टॉर्च आणि घसा. ओढ्याच्या अंगाला अगोदर वास येतो, ओल्या चिखलाचा आणि काहीतरी आंबूस. मग पाणी चुळकन्‌ वाजतं. मग बराच वेळ काहीच नाही. पोरगं कुजबुजतं, "पप्पा, गेली काय?" आणि तेवढ्यात खाचराच्या मधोमध भात दबल्याचा आवाज येतो. टॉर्च मारला तर डोळ्यांच्या जोड्याच जोड्या, पिल्लं आईच्या मागं ओळीनं. आम्ही डबा बडवतो, ती पळतात, अर्ध्या तासानं दुसऱ्या बांधावरून येतात. नुकसान होतंच. वनखात्याकडं भरपाईचा अर्ज करता येतो, फोटो आणि उतारा जोडून, आम्हीही केलाय.

मला लिहायचं होतं ते हेच. आज्जा त्या माळ्यावर वर्षाच्या ज्या रात्री बसला, त्यांतल्या बहुतेक रात्री त्यानं बार काढलाच नसणार. दारू महाग, केप महाग, आणि अंधारात नेम कुठला. तो बसायचा, ऐकायचा, ओरडायचा. शिकार ही त्या बसण्यातली कधीतरी घडणारी गोष्ट. आमच्या पिढीनं तेवढीच आठवणीत धरली आणि बाकीचं सगळं बसणं सोडून दिलं. कायद्यानं बंदूक काढून घेतली, राखण काढून घेतली नव्हती. ती आपणच सोडली, नोकऱ्यांपायी. त्यात चूक कुणाची नाही, पण 'कायद्यामुळं आमची परंपरा गेली' म्हणून कुणी गळा काढला की मला हसू येतं. परंपरा हवी असेल तर ऑक्टोबरात या, माळ्यावर जागा आहे, डबा देतो.

आणि ज्यांना खरंच मारायचंय त्यांना स्पष्ट सांगतो. बेळगावातून दोघं-तिघं ओळखीचे आडून आडून विचारून गेलेत. खोपीवर बंदूक, फासे, गावठी बॉम्ब यातलं काहीही येणार नाही. गवा, बिबट्या, अस्वल ही कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतली जनावरं आहेत, त्यांच्या शिकारीला तीन ते सात वर्षं कैद आहे. आणि फाशात डुकरापेक्षा शेजाऱ्याची म्हैसच जास्त वेळा अडकते. गावात कुणाकडं 'मटण' शिजलं आणि कसलं ते विचारू नको म्हणून खूण झाली, तर आम्ही तिथून उठतो. बाबासुद्धा. त्यांना चव आठवते, तरी उठतात.

गंमत म्हणजे हद्दीच्या दगडापलीकडं उलटा प्रवास चाललाय. अभयारण्यातल्या तळेवाडीसारख्या गावांतली माणसं भरपाई घेऊन बाहेर पडायला लागली आहेत. ना रस्ता, ना दवाखाना, पावसाळ्यात आजारी माणूस डोलीतून आणायचा, कोण राहील? त्या तळेवाडीच्याच अंगाला बारापेडे गुहा आहेत, तिथलं एक वटवाघूळ 1913 साली शास्त्रज्ञांनी नाव देऊन नोंदवलं, आणि कितीतरी वर्षं ते जगात फक्त तिथंच माहीत होतं. वटवाघळाला राहायला परवानगी आहे आणि माणसानं जावं, असं तिथला एक म्हातारा मला जांबोटीच्या चहाच्या टपरीवर म्हणाला. रागानं नव्हे, हिशेब सांगावा तसं. मी दगडाच्या अलीकडं हौसेनं घर बांधून बसलेला माणूस, त्याला काय उत्तर देणार. चहाचे पैसे त्यानंच दिले.

पुढचं काम न्हाणीचं आणि संडासाचं. काकूंनी दोन वर्षांची मुदत दिली होती, ती संपत आलीय. खड्डा ओढ्यापासून लांब आणि विहिरीच्या खालच्या अंगाला घ्यायचा, एवढं ठरलंय. तिथं जांभ्याचा सड लागतो, पहारीनं होत नाही, ब्रेकर भाड्यानं आणावा लागेल. पुण्याच्या भावानं आपल्या वाट्याचे पैसे दिवाळीला देतो म्हणून सांगितलंय. कुठल्या दिवाळीला ते विचारलेलं नाही.